उजव्या हाताची नोंद

सोमवारची बैठक सुरू होऊन तास होत आला होता आणि मी मनातल्या मनात महाडला न्यायच्या वस्तूंची यादी करत होते. बाबांच्या गोळ्या, आईचा दुरुस्त झालेला चष्मा, कुकरची रिंग, पुराच्या वेळी भिजलेल्या कागदांच्या झेरॉक्स. समोरच्या पडद्यावर आमच्याच अभ्यासाचे आलेख होते. विभागप्रमुख पाहुण्यांना सांगत होते की ग्रामीण भागात, रुग्णाच्या घरात, असं मोजमाप आपल्याकडे फारसं झालेलं नाही, आणि अधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होते. मीही मान हलवत होते. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यावर अक्षरं उमटली होती : तासाभरात तुमची हालचाल झालेली नाही. मी खाली पाहिलं. हात मांडीवर उताणा पडला होता आणि अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर टेकला होता. आठवी वस्तू. करंगळीच्या तळाच्या पेरापासून निघून, एकेका वस्तूला एकेक पेर देत तो तिथवर आला होता आणि मला ते कळलंही नव्हतं. घड्याळाला तर नाहीच. पाहुण्यांनी काहीतरी विचारलं, सगळे हसले, मीही हसले. अंगठा त्या पेरावरून उचलायचं मला धाडस होईना. बयाबाई, असं मी मनात म्हटलं असेन किंवा नसेन. आमच्या अभ्यासातल्या त्या म्हाताऱ्या रुग्णाची पडवी डोळ्यांपुढे आली, मार्चमधलं ऊन, आणि निशाचं, तिच्या सुनेचं, घाईघाईत बोललेलं एक वाक्य, जे मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

आमचं काम कुणालाही दोन मिनिटांत समजावता येतं, आणि ते मला नेहमी आवडत आलं आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला दवाखान्यात हात वर करायला सांगितलं की तो जीव एकवटून करतो. समोर डॉक्टर असतात, बाजूला मुलगा असतो. कागदावर बरे गुण पडतात. घरी गेल्यावर मात्र तोच हात मांडीवर पडून राहतो, कारण दुसऱ्या हाताने काम लवकर होतं आणि घरातली माणसं तर त्याहून लवकर करतात. तेव्हा हात काय करू शकतो हे बघण्यापेक्षा तो दिवसभर खरोखर काय करतो हे बघावं. त्यासाठी दोन्ही मनगटांना पट्टे बांधायचे. पट्ट्यात अर्ध्या काडेपेटीएवढा राखाडी ठोकळा असतो. तो सेकंदाला तीस वेळा मनगटाचे हिसके टिपतो. तीन दिवस, तीन रात्री, आंघोळीतसुद्धा पट्टे काढायचे नाहीत. मग दुबळ्या हाताची हालचाल चांगल्या हाताच्या हालचालीच्या तुलनेत किती, त्याचा एक आकडा निघतो. तो शंभरात वीसच्या वर असेल तर हात परतायची आशा धरायची आणि सहा महिने, आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्ट घरी पाठवायची. खाली असेल तर व्यायामाचा छापील कागद द्यायचा. महाड आणि पोलादपूर अशा दोन तालुक्यांना मिळून आमच्याकडे एकच फिजिओथेरपिस्ट होती, सेजल. तिची स्कूटी आणि तिची कंबर यांना झेपतील तेवढीच घरं ती घेणार, त्यामुळे कुठेतरी रेघ ओढणं भाग होतं. वीसचा आकडा मी सुचवला होता. त्याला आधार होता, संदर्भ होते, आणि मला त्या भागात पाठवायलाही आधार होता : मी महाडची, तिथली भाषा मला कळते. आमच्या घरात पाण्याची रेघ जिन्याच्या नवव्या पायरीवर अजून दिसते आणि आई तिला पुसू देत नाही. मी त्या माणसांमधली आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की उजव्या अंगाला एक कच्चा रस्ता चढतो, त्याच्या टोकाला बयाबाईचं घर. सदुसष्ट वर्षं. उजवी बाजू गेलेली, जीभ थोडी जड, शब्द यायला वेळ लागायचा. आला की पूर्ण यायचा. मी पट्टे बांधत होते तेव्हा तिचा मुलगा रितेश मोटारसायकल पुसत उभा होता. तो महाडच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतो.

"आय, तुला जीपीएस लावला बघ," तो म्हणाला. "आता पळून दाखव."

"पळायची वेळ होती तवा तुजा बाप पाठी लागला," बयाबाई सावकाश म्हणाली. मग दोन्ही मनगटं पुढे धरून सुनेला दाखवली. "लग्नात एक पाटली धड मिळाली नाय. आता बघ, दोन-दोन घड्याळं."

"दोन घड्याळं न् टाइम एकात पण नाय," निशा आतून म्हणाली.

आम्ही हसलो. मला त्या घरात बरं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं. मी बयाबाईला हात खांद्यातून उचलायला सांगितला, तो उचलला नाही. कोपर वाकवायला सांगितलं, थोडं वाकलं, तेही सगळं अंग एका बाजूला झुकवून. बोटं हलवायला सांगितली तेव्हा ती संकोचून हसली आणि हात पदराखाली घेतला. सेजलने तिच्या तपासणीत काय लिहिलं ते मी त्या वेळी पाहिलं नाही, कारण तपासणीतल्या गुणांची पट्ट्याच्या आकड्यावर छाया पडू नये अशी आमची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे. निघताना निशा अंगणापर्यंत आली. हातात कोंबड्यांना टाकायचा कोंडा होता. "मॅडम, त्या दुपारी बोटं चाळवत बसतात," ती म्हणाली. "जेवण झालं ना, का बसतात आपल्या मोजत. त्या हातावरच. लिवा हां ते." मी म्हटलं, "हो का," आणि पिशवी खांद्याला लावली. माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. नातेवाईक आशेने बोलतात, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. निशा आशेने बोलत नव्हती, तिने फक्त पाहिलेलं सांगितलं होतं. हा फरक मला आता कळतो आणि त्याचा उपयोग नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पट्टे काढायला गेले. ओलसर झालेली कातडी, पट्ट्याच्या कडांचा ठसा, त्याखाली जुनं हिरवट गोंदण. मी ठोकळा फोनला जोडला, हिरवा दिवा लागला, नोंद पूर्ण असल्याचं दिसलं. अशा वेळी मला नेहमीच हलकं वाटतं. तीन दिवस फुकट गेले नाहीत म्हणून मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "झालं, बयाबाई. सगळं नोंदलं गेलंय यात."

"समदं?"

"सगळं."

ती त्या राखाडी ठोकळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंग बरं झालं. ने. सांभाळ हां, बाय." म्हाताऱ्या माणसांना यंत्राची काळजी वाटते, महागाचं असेल असं वाटतं. मी तसंच समजले आणि ठोकळा तिच्यादेखत डबीत घालून डबी बंद केली.

आकडा सात आला. डाव्या हाताच्या शंभर हालचालींमागे उजव्याच्या सात, आणि त्या सातही बहुतेक डाव्याने उजवा उचलून ठेवल्याच्या. मी निकाल रितेशला फोनवर सांगितला. तो गाडीवर होता, मागे हॉर्न वाजत होते. "म्हंजे हात गेला म्हणायचा," तो म्हणाला. असं एकदम म्हणायचं नसतं, त्याचेही शब्द ठरलेले असतात. मी म्हटलं, "वापरात येईल असं दिसत नाही." तो म्हणाला, "ठीक हाय मॅडम. तुमी बघितलंत, आमाला तेवढंच लई." व्यायामाचा छापील कागद मी सेजलबरोबर पाठवला. सेजलच्या यादीतलं ते घर कमी झालं आणि त्या जागी तुडीलचे एक गृहस्थ आले, ज्यांचा आकडा अडतीस होता. ते आता स्वतःच्या हाताने जेवतात. पडद्यावर जो आलेख दाखवत होते, त्यात वर चढत जाणारी एक रेघ त्यांची आहे.

बैठक संपली. मी जागेवर येऊन बसले आणि मार्चमधली फाइल उघडली. आमचा प्रोग्रॅम सेकंदासेकंदाचे हिसके एकत्र करतो आणि एका मर्यादेखालचं सगळं शून्य धरतो, कारण श्वासानेही मनगट हलतं, शेजारून ट्रक गेला तरी हलतं. ती मर्यादा काढून मी मूळच्या ओळी बघितल्या. एका हाताच्या सुमारे अठ्ठ्याहत्तर लाख ओळी असतात. पण कुठे बघायचं ते मला निशाने सांगून ठेवलं होतं, दुपारी, जेवण झाल्यावर. पहिल्या दिवशी, एक वाजून बत्तीस मिनिटांनी, ते दिसलं. सपाट रेघेवर तीन बारीक कंप, जरा थांबून पुन्हा तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन. मग जास्त वेळ, अंगठा तर्जनीवरून परत करंगळीवर यायला लागेल तेवढा. मी माझा अंगठा फिरवून बघितला. मनगटाच्या आत, शिरेजवळ, दोरी ओढल्यासारखं काहीतरी सरकतं आणि तेवढंच त्या ठोकळ्यापर्यंत पोचलेलं होतं. बारा, पुन्हा बारा, आणि मग सात. एकतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी एकतीस, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा एकतीस. तिसऱ्या दिवशी एकतीस. चौथ्या दिवशी सकाळी, मी पोचायच्या वीस मिनिटं आधी, एकतीस. एकदाही तीस नाही की बत्तीस नाही. जप असता तर एकशे आठ असते. महिन्याचे दिवस म्हणावेत तर रोज कशाला मोजायचे? खांद्यातून हात पडलेला आणि बोटं मात्र जिवंत, असे रुग्ण असतात. थोडे असतात, मेंदूतल्या दोन रक्तवाहिन्यांच्या मधल्या पट्टीत झटका आला तर असं होतं. मी हे शिकले होते. परीक्षेत त्यावर सहा गुणांचा प्रश्न आला होता आणि मला सहाच्या सहा मिळाले होते. ज्या हाताने पेरापेरावर न चुकता एकतीस मोजले, तो हात वापरात नाही असं मी फोनवर सांगितलं होतं.

सेजलला फोन लावला. तिच्याकडे भांडी वाजत होती. "बयाबाई? पोलादपूरच्या वरच्या?" ती म्हणाली. "अगं, मी लिहिलं होतं की शेऱ्यात. खांदा नाही, पण अंगठा बरा, बोटांना लागतोय, असं. मला वाटलं, तुम्ही लोकांनी बघून ठरवलं असेल." मग जरा थांबून, "का गं? काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, बघत होते. शेऱ्यांचा रकाना मीच काढून टाकला होता. सेजल अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत लिहायची, कधी फक्त बाण काढायची, आणि त्या रकान्यामुळे प्रोग्रॅम अडकायचा. एका शनिवारी बसून मी फाइल साफ केली होती. साफ झालेली फाइल बघून किती बरं वाटलं होतं! घरी आल्यावर मी कपाट आवरलं होतं, इतकं बरं वाटलं होतं. त्या रात्री जेवताना माझा अंगठा पानातल्या घासाजवळ अडखळत राहिला. आपण बोटांनी जेवतो, बोटांनी तांदूळ निवडतो, बोटांनी वेणी घालतो, वात वळतो, कोथिंबीर खुडतो, आणि या सगळ्यात मनगट फक्त सोबतीला असतं. माझ्या आईला वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या ओट्याशी बघून मी मोठी झाले, आणि मनगटावर पट्टा बांधला. दुसरीकडे बांधताही आला नसता, हे खरं आहे. पण तो कशाला आंधळा आहे हे मी त्या पडवीत बसून स्वतःला एकदा तरी विचारू शकले असते. निशाला विचारू शकले असते, काय मोजतात त्या? तीन शब्द होते.

मंगळवारी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि सरळ सांगितलं. ते चिडले नाहीत. एका रुग्णामुळे निष्कर्ष बदलत नाही, म्हणाले. ते खरंच होतं, मी हिशेब करून पाहिला होता. मी बयाबाईसाठी सेजलच्या सहा महिन्यांच्या फेऱ्या मागितल्या. त्यांनी थोडा विचार करून सही दिली. तो कागद पर्समध्ये ठेवून शनिवारी मी महाडला गेले आणि रविवारी सकाळच्या एसटीने पोलादपूरला. भातं कापून झाली होती, खाचरात नुसते खुंट उभे होते. चढावर मी दोनदा थांबले. दम लागला होता असं नाही. मार्च ते नोव्हेंबर, आठ महिने. दुबळा हात पहिल्या वर्षात जेवढा परततो तेवढा पुढे परतत नाही, हे मी कित्येक नातेवाइकांना आकृती काढून समजावलेलं आहे. आकृतीतली रेघ आधी उभी चढते आणि मग आडवी होत जाते. मी चढण चढत होते आणि ती रेघ डोळ्यांपुढून जात नव्हती.

निशा अंगणात नाचणी पाखडत होती. "मॅडम! आठवण झाली का आमची?" म्हणाली, पण उठून सूप बाजूला ठेवताना तिने मला नीट न्याहाळलं. "परत पट्टे लावणार?"

"नाही. आज नाही."

बयाबाई पडवीत त्याच जागी बसली होती. उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला. मध्यंतरी चुलीपाशी तो भाजला आणि तिला कळलं नाही, म्हणून रितेशने बांधून टाकला. नाहीतरी उपयोग नव्हता, निशा म्हणाली, आणि जीभ चावून माझ्याकडे पाहिलं. मी विचारून झोळी सोडली. मूठ मिटलेली होती. मी करंगळीपासून एकेक बोट उघडत गेले. ती विरोध करत नव्हती, पण बोटं सोडली की पुन्हा आत जात होती, ऊन लागलेल्या पानासारखी. तळवा पांढराफटक आणि ओलसर होता, त्याला बंद डब्याचा वास येत होता, आणि नखांच्या चार खुणा होत्या. अंगठा त्या चार बोटांच्या आत, तळाशी होता. मी तो धरून करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला. पुढे जाऊन बघा, म्हटलं. तिने पाहिलं, ओठ आवळले, मानेची शीर ताणली गेली. अंगठा तिथेच थरथरला आणि पुन्हा आत गेला.

मी जे ठरवून आले होते ते बोलले. "माझी चूक झाली, बयाबाई. हा अंगठा हलत होता. मला दिसला नाही. मी हात गेला असं सांगायला नको होतं." पर्समधला कागद निशाच्या हातात दिला. "सेजल परत येईल. आठवड्यातून दोनदा."

"येऊ दे," बयाबाई म्हणाली. एकेक शब्द शोधत, पण चेहऱ्यावर हसू होतं. "पोर गुणाची हाय. चाय मात्र... लई साखरेची पिते."

राग नाही, गाऱ्हाणं नाही. मला वाटलं, सुटले. लाज वाटावी इतक्या लवकर वाटलं. मग, आठ महिने उशिरा, मी ते विचारलं. "तुम्ही मोजत काय होतात?"

उत्तर निशाने दिलं. "घरं. माहेरची. महाडकडं वर डोंगरात कोंड होता त्यांचा, वाडी. तळीयेवर दरड पडली ना, त्याच्या दुसऱ्या सालात तो पण खाली आणला, भेगा पडलेल्या म्हणून. तवा सहाच घरांत माणसं होती. ह्या मोजतात ती त्यांच्या लहानपणची, एकतीस. वरनं खालपर्यंत, रोज. अर्धी मुंबैला गेली, अर्धी मेली. मामा होते सांगायला, ते पण गेले. आमी काय ती बघितली नाय." सूप पुन्हा मांडीवर घेत ती म्हणाली, "तुमी पट्टे काढून नेलेत ना, त्या दिवसापासून मोजणं बंद केलं. आमी किती बोललो, मोजा. तर नाय."

त्या दिवसापासून. निकाल मी त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सांगितला होता. मला ते जुळेना. मी बयाबाईकडे पाहिलं.

"कशाला मोजू?" ती म्हणाली. तिला नवल वाटत होतं. "तुज्याकडं दिली ना."

"माझ्याकडे?"

"त्या पट्ट्यात. तू बोललीस... समदं नोंदलंय." ती थांबली, शब्दासाठी चाचपडली. "माजं डोकं आता ऱ्हात नाय. आजारापास्नं एक नाव येतं, एक जातं. रोज धरून ठेवायचं म्हंजे... दम लागतो गो. म्हटलं, बाय शिकलेली हाय. नीट ठेवील. मंग सोडलं." आणि जरा लाजून, "आता इचारलं तर मला येत नाय. तू वाच. ऐकू दे एकदा."

माझ्या पिशवीत लॅपटॉप होता. त्यात ती फाइल होती, आणि त्यात ते एकतीस कंप, कोणता किती वाजता झाला ते सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत. कोणत्या घराशी ती रेंगाळली तेही मी सांगू शकले असते. सतराव्या आणि अठराव्यात अंतर नेहमी मोठं होतं, चारही दिवस, तिथे कदाचित ओढा असेल, कदाचित तिचं स्वतःचं घर असेल.

तिला वाटलं, मला कुठून सुरू करायचं ते कळत नाही. तिने डाव्या हाताने माझा उजवा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि अंगठा माझ्या करंगळीच्या तळाशी ठेवला. तिचा अंगठा खरखरीत आणि गरम होता. "मी लावून देते," म्हणाली. "तू पुढं घे. वयल्या अंगाचा हैबती." अंगठा वर सरकला. "त्याच्या खाली चंद्राबाय, ती बोडकी. मंग गुरवाचं." करंगळी संपली. "आंब्याखालचे. त्यांचं भांडण होतं... त्यांच्याशी, दोन दारांचे ते. मंग बनुबाय." निशाचं सूप थांबलं होतं. मधल्या बोटावर ती हळू झाली. "ताकवाले. ताकवाल्यांचा धाकला, येगळा राहायचा. मंग... हां, बहिरा सखाराम." नऊ. अंगठा माझ्या मधल्या बोटाच्या टोकावर येऊन थांबला. ती समोर अंगणाकडे बघत होती, तिथे काहीतरी चढण असावी आणि तिच्यावर घरं असावीत अशी. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षा घेणाऱ्याच्या नजरेने नाही, आपण विसरलो तरी बिघडत नाही, समोरच्याकडे आहे, अशा निश्चिंत नजरेने.

"आता तू बोल," ती म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. त्या भागातली नावं मला माहीत आहेत, बावीस नावं मी सहज जोडली असती आणि काही तिने मानलीही असती.

"नाहीत, बयाबाई," मी म्हटलं. "नावं त्यात येत नाहीत."

"येक पण नाय?"

"एकही नाही."

तिने ते ऐकलं.

"मंग तीन दिस... काय नेलंस गो तू?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा अंगठा माझ्या बोटाच्या टोकावर तसाच दाबून धरलेला होता. तो सुटला तर हे नऊही जातील असं मला वाटलं. मी हात न हलवता निशाला म्हटलं, वही आण, पेन आण, आणि हैबतीपासून तुला जेवढं ऐकू आलं तेवढं लिही, लवकर.